एच दाबलं तरी हेडिंगवर जाईना, नुसतं 'एच'च टाइप व्हायलंय? लॅपटॉप बिघडलेला नाही, आधी हे बघा

परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला औशाहून एका पोरीचा फोन आला. बारावी झालेली, पूर्ण अंध, वर्षभरापासून लॅपटॉप वापरते. आवाजावरूनच कळत होतं की रडकुंडीला आलीय. "दादा, लॅपटॉप बिघडलाय वाटतं. एच दाबलं की हेडिंगवर जायलाच तयार नाही, नुसतं एच एच एच म्हणायलंय. आन फॉर्मची तारीख उद्याच हाय." तिला म्हणलं, बाई, आधी दोन्ही हात कीबोर्डवरून काढ, फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ ठेव, आणि आता फक्त इन्सर्ट दाबून धर आणि एकदा स्पेस दाब. बारीकसा आवाज आला. आता दाब एच. तिकडून एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर), बोललं, "पर्सनल डिटेल्स, हेडिंग लेव्हल टू." पोरगी दोन मिनिटं काही बोललीच नाही.

हाच फोन मला गेल्या दोन वर्षांत उदगीरहून आलाय, परभणीहून आलाय, अंबाजोगाईहून तर एकाच पोराचा चार वेळा आलाय. दरवेळी फोनवर सांगायचं आणि पुढच्या महिन्यात परत तेच, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. मी स्वतः पूर्ण अंध आहे, लातूरला असतो, रोजचं सगळं काम एनव्हीडीएवरच करतो, त्यामुळं जे लिहितोय ते एनव्हीडीए धरून लिहितोय, जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी खाली थोडं आहे.

आधी हे असं का होतं ते समजून घ्या, मूळ कळलं म्हणजे एकेक बटन पाठ करायची गरज राहत नाही. पेज उघडलं की एनव्हीडीए त्या पेजची एक प्रत स्वतःकडं तयार करून ठेवतं आणि आपण बाणाच्या की दाबत, एच दाबत, के दाबत फिरतो ते त्या प्रतीत फिरतो. याला ब्राउज मोड म्हणतात. इथं एच म्हणजे पुढचं हेडिंग, के म्हणजे लिंक, बी बटन, टी टेबल, जी चित्र, एक ते सहा आकडे म्हणजे त्या त्या लेव्हलचं हेडिंग, आणि शिफ्ट धरून तीच की दाबली की मागं. पण नाव लिहायच्या खान्यात गेलं की तोच एच आपल्याला लिहायचा असतो, तिथं तो हेडिंग शोधत बसला तर नाव कसं लिहिणार? म्हणून खान्यात शिरलं की एनव्हीडीए सगळ्या की थेट पेजकडं सोडून देतं, हा फोकस मोड. एकच बैल नांगराला पण चालतो आणि गाडीला पण, फक्त आत्ता कशाला जुंपलाय ते आपल्याला माहीत पाहिजे, एवढीच गोष्ट आहे.

मोड बदलला की एनव्हीडीए तोंडानं सांगत नाही, नुसता आवाज करतं, दोन मोडला दोन वेगळे आवाज. नव्या पोरांचा घोळ इथंच होतो, कारण तो आवाज म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. एक काम करा, कुठलंही पेज उघडा, बसल्या बसल्या दहा-पंधरा वेळा एनव्हीडीए+स्पेस (एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, ती धरून स्पेस) दाबा आणि ते दोन आवाज कानात बसवून घ्या. दारावरची बेल आणि कुकरची शिट्टी जशी न विचारता कळते तसं व्हायला पाहिजे. ज्यांना आवाजापेक्षा बोललेलं बरं वाटतं त्यांनी एनव्हीडीए+कंट्रोल+बी दाबून ब्राउज मोडच्या सेटिंगमध्ये जावं आणि मोडसाठी आवाज वाजवायचा तो चेकबॉक्स काढून टाकावा, मग ते "फोकस मोड", "ब्राउज मोड" असं चक्क बोलून सांगतं. शिकवताना मी पहिला महिनाभर हेच ठेवायला लावतो.

आता एस्केपची गंमत बघा, कारण निम्मे लोक मला म्हणतात की "दादा एस्केप दाबला तरी सुटत नाही". टॅबनं खान्यात गेलात आणि एनव्हीडीए आपणहून फोकस मोडमध्ये गेलं तर एस्केप दाबला की परत ब्राउज मोड येतो. पण तुम्ही स्वतः एनव्हीडीए+स्पेस दाबून फोकस मोड लावला असेल तर एस्केपनं तो जात नाही, तुम्हीच लावलाय तर तुम्हीच काढायचा, परत एनव्हीडीए+स्पेस. औशाच्या पोरीचं हेच झालं होतं. चुकून बोट लागलं, मोड लागला, मग एस्केप दहा वेळा दाबला. आणि एस्केप असा दाबत सुटू नका हो. ब्राउज मोडमध्ये असताना एस्केप दाबला की तो पेजला जाऊन लागतो आणि उघडलेली छोटी खिडकी भरलेल्या माहितीसकट बंद होऊ शकते.

एनव्हीडीए+स्पेसनं पण काम झालं नाही, आवाज तर ब्राउज मोडचा येतोय पण एच, के, बी कुठलंच अक्षर चालत नाही, बाण मात्र चालतात, असं असेल तर जवळजवळ नक्की समजा की एनव्हीडीए+शिफ्ट+स्पेस दाबलं गेलंय. त्यानं एका अक्षरानं फिरायची सोयच बंद होते. परत तेच तिन्ही दाबा, "सिंगल लेटर नेव्हिगेशन ऑन" ऐकू आलं की झालं. हे फार लोकांना माहीत नाही, मलाही सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि एका पोरानं याच्यापायी विंडोज नव्यानं टाकून घेतलं, दुकानात पैसे गेले ते वेगळे आणि त्याच्या नोट्स गेल्या त्या वेगळ्या. म्हणून कळकळीनं सांगतोय, दुकानात न्यायच्या आधी या दोन की दाबून बघा.

तरीही नाही? मग तुम्ही पेजमध्येच नसाल. पत्त्याच्या पट्टीत बसलेले असाल तर एच तिथं टाइप होणारच. एनव्हीडीए+टॅब दाबा, आत्ता कुठं आहात ते सांगेल. पट्टीत असाल तर एफ६ दाबत जा, पेजमध्ये येता. पेज अर्धवट वाचतंय, नवं काहीतरी उघडलंय पण एनव्हीडीएला जुनंच दिसतंय असं वाटलं तर एनव्हीडीए+एफ५, त्यानं ती प्रत ताजी होते, पेज परत लोड होत नाही आणि भरलेलं पुसत नाही. नुसतं एफ५ मात्र फॉर्म भरताना चुकूनही दाबू नका, त्यानं अख्खं पेज नव्यानं लोड होतं.

आणखी एक कारण म्हणजे लॅपटॉपची इन्सर्ट की. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ती एफएन धरल्याशिवाय लागतच नाही, म्हणजे तुम्ही समजताय एनव्हीडीए+स्पेस दाबलं आणि प्रत्यक्षात दाबलंय फक्त स्पेस. तपासायचं असेल तर एनव्हीडीए+१ दाबा, काहीच बोललं नाही तर इन्सर्ट लागत नाहीय, एफएन धरून परत दाबा; लागलं की कीबोर्डची मदत चालू होते, मग कुठलीही की दाबा, ती काम न करता फक्त आपलं नाव सांगते. परत एनव्हीडीए+१ नं बंद. इन्सर्टचा त्रास असेल तर एनव्हीडीए+कंट्रोल+के वर जाऊन कॅप्स लॉकला पण एनव्हीडीए की करून टाका, डाव्या हाताला सोपी पडते. इन्सर्टच पाहिजे असेल तर उदगीरच्या एका पोराच्या आईनं केलं ते करा. तिनं कपाळाला लावायची साधी टिकली इन्सर्टवर चिकटवली, बोटाला लगेच लागते, एफ आणि जे वर जशा कंपनीनं बारीक रेघा दिलेल्या असतात तशीच. घामानं निघाली की दुसरी लावते. या उपायाला तोड नाही.

आणि दोन आवाज एकदम बोलायला लागले तर विंडोजचा नॅरेटर पण चालू झालाय. विंडोज+कंट्रोल+एंटरनं तो बंद करा, दोन स्क्रीन रीडर एकमेकांच्या की ओढतात आणि कुणाचंच धड चालत नाही.

जॉजवाल्यांनो, तुमच्याकडं हेच दुखणं वेगळ्या नावानं आहे. फोकस मोडला तिथं फॉर्म्स मोड म्हणतात, नंबर पॅडवरच्या अधिकच्या कीनं बाहेर येता. आणि अक्षरंच चालेनात तर इन्सर्ट+झेड दाबून बघा, व्हर्च्युअल कर्सर, म्हणजे तिकडचा ब्राउज मोड, बंद झालेला असतो.

आता समजा एच चालतंय, पण एनव्हीडीए म्हणतंय "नो नेक्स्ट हेडिंग". इथं तुमची चूक शून्य. पेज बनवणाऱ्यानं अक्षरं मोठी आणि ठळक केली पण ती हेडिंग आहेत असं कोडमध्ये सांगितलंच नाही. डोळस माणसाला हेडिंग दिसतं, आपल्याला नुसता मजकूर. अशा ठिकाणी एन दाबून बघा, लिंकांचा ढीग ओलांडून सरळ मजकुरावर नेतं. डी नं पेजचे मोठे भाग मिळतात. नाहीतर एनव्हीडीए+कंट्रोल+एफ, शब्द टाइप करा, एंटर, पुढचा पाहिजे तर एनव्हीडीए+एफ३. आणि एनव्हीडीए+एफ७ तर सवयीचंच करून टाका, सगळ्या लिंका, हेडिंग, बटनं, खाने यादीत येतात आणि टॅबनं फिल्टरच्या खान्यात जाऊन नावाची दोन अक्षरं टाइप केली की यादी छाटली जाते.

फॉर्मचं मात्र सविस्तर सांगतो, कारण त्या रात्री खरा वेळ तिथंच गेला. मोड सुटला, ती खूष झाली, पुढं भरत गेली, सबमिट दाबलं आणि काहीच झालं नाही. ना चूक सांगितली ना पुढं गेलं. तिला म्हणलं, कंट्रोल+होम दाबून वर जा आणि ई दाबत एकेका खान्यावर ये, आणि काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. तिसऱ्याच खान्यात, वडिलांच्या नावापुढं, "एचएचएचकेकेएच" चिकटलेलं. मघाशी हेडिंग शोधत होती ती सगळी अक्षरं तिथं जाऊन बसली होती. मोबाइल नंबरच्या खान्यात पण एक बी. म्हणून अक्षरं चुकीच्या जागी गेली असं लक्षात आलं की मोड सुटल्या सुटल्या आधी मागं जाऊन तो खाना तपासा, एंटर दाबून आत जा, कंट्रोल+ए, डिलीट, परत लिहा.

दुसरी गोष्ट टॅबची. आपल्या पोरांना कुणीतरी शिकवून ठेवलंय की फॉर्म टॅबनं भरायचा. टॅब फक्त खान्यावरून खान्यावर उडी मारतो, मधला मजकूर गिळून टाकतो. फोटो किती केबीचा पाहिजे, नाव मार्कशीटप्रमाणं की आधारप्रमाणं, सही काळ्या शाईची, हे सगळं मधल्या मजकुरात असतं आणि टॅबवाल्याला ते कधीच ऐकू येत नाही. मी एफ नं फिरतो. एफ नं खान्यावर गेलं तरी एनव्हीडीए ब्राउज मोडमध्येच राहतं, म्हणून खालच्या बाणानं आजूबाजूचं वाचता येतं, लिहायचं असेल तेव्हा एंटर, लिहून झालं की एस्केप, परत एफ. दोन की जास्त दाबाव्या लागतात, पण अर्ज बाद होत नाही.

तिसरी गोष्ट जिल्हा, तालुका, गाव. या तीन यादीच्या खान्यांनी जेवढी पोरं रडवलीत तेवढी गणितानं रडवली नसतील. तुम्ही यादीवर आलात, एंटर दाबला आणि खालचा बाण दाबायला लागलात, तर काही फॉर्मवर पहिल्याच बाणाला फॉर्म समजतो की जिल्हा निवडला, तालुक्याची यादी आणायला पेज हलतं आणि तुम्ही थेट वर फेकले जाता. उपाय सोपा आहे, आधी ऑल्ट+खालचा बाण दाबून यादी पूर्ण उघडा, मग बाणानं पाहिजे तिथं जा आणि मगच एंटर. यादी उघडी असेपर्यंत फॉर्म शांत बसतो. लातूरला एल दाबलं की पोचता, पण यादी मराठीत असेल तर इंग्रजी एल चालत नाही, तिथं विंडोज+स्पेसनं कीबोर्ड मराठीवर आणून ल दाबावा लागतो, काम झालं की लगेच परत इंग्रजीवर आणा. आणि धाराशिव, संभाजीनगरच्या लोकांनी ध आणि छ वर नाही सापडलं तर उ आणि औ वर बघावं. जिल्ह्यांची नावं 2023 ला बदलली पण सगळ्या याद्या बदलल्यात असं नाही, काही ठिकाणी अजून उस्मानाबाद आणि औरंगाबादच आहे. एका पोरीनं जिल्हाच यादीत नाही म्हणून फॉर्म सोडून दिला होता.

तारखेचं कॅलेंडर उघडत असेल तर त्याच्या नादी लागायच्या आधी खान्यात सरळ आकडे टाइप करून बघा, बऱ्याचदा घेतं. "रीड ओन्ली" म्हणलं तरच कॅलेंडरमध्ये जा, तिथं फोकस मोड लावून बाणानं फिरा. आणि एखादं बटन "क्लिकेबल" एवढंच म्हणतं, एंटरला दाद देत नाही, तिथं माउसला बोलवावं लागतं. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची मांडणी लॅपटॉपची ठेवली असेल तर एनव्हीडीए+शिफ्ट+एम नं माउस तिथं आणा आणि एनव्हीडीए+डावा चौकोनी कंस दाबून क्लिक करा. मांडणी डेस्कटॉपची आणि नंबर पॅड असेल तर एनव्हीडीए+भागाकाराच्या कीनं माउस येतो आणि नुसती भागाकाराची की दाबली की क्लिक.

काही पेजवर तुम्ही काहीही केलं तरी फोकस मोडच लागतो, कारण पेज बनवणाऱ्यानं ते पेज नाही तर अॅप्लिकेशन आहे असं लिहून ठेवलेलं असतं. तिथं वाचायचं असेल तर एनव्हीडीए+स्पेस दाबून ब्राउज मोड जबरदस्तीनं लावा. उलट कधी साइटच्या स्वतःच्या अक्षरी की असतात, त्यातली एखादी एकदाच पोचवायची असेल तर आधी एनव्हीडीए+एफ२ आणि मग ती की, एनव्हीडीए मधून बाजूला होतं.

त्या रात्री सव्वाअकराला सगळं भरून झालं आणि शेवटी आला कॅप्चा. चित्रातली अक्षरं ओळखा. ऐकायचं बटन कुठंच नाही, बी दाबून सगळी बटनं पालथी घातली. सेशन संपायला वेळ लागत नाही, आणि घरात सगळे झोपलेले. तिनं आईला उठवलं, आईला इंग्रजी अक्षरं जेमतेम येतात, तिनं एकेक अक्षर आकारावरून सांगितलं, "उभी काठी, तिला वर आडवी", आणि पोरीनं ते ऐकून टी दाबला. तिसऱ्या वेळी जमलं. अर्जाचा नंबर आला तसा तिनं ब्रेलच्या पाटीवर टोचून घेतला, फोनवर मला टोच्याचा टकटक आवाज ऐकू येत होता. हे सगळ्यांनी करा, नंबर आधी लिहा, प्रिंट नंतर.

मला राग येतो तो इथं. एनव्हीडीए 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणानं बनवायला घेतलं, ते फुकट आहे, म्हणून आमची खेड्यापाड्यातली पोरं आज स्वतःच्या हातानं फॉर्म भरायला बसतात. आणि एका चित्रापायी त्यांना मध्यरात्री आईला उठवावं लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 42 मध्ये माहिती आणि तंत्रज्ञान आपल्याला वापरता आलं पाहिजे असं लिहिलेलं आहे, आणि 2025 च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं स्पष्ट सांगितलं. म्हणून गप्प बसू नका, लिहा. साइटवर दिलेल्या मेलवर लिहा, तिथून काही हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे तिथं लिहा.

फक्त "साइट चालत नाही" असं लिहून कुणी काही करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी फोनवर बसून तिचा मेल तयार केला, तो असा होता: कुठलं पेज, किती वाजता, कुठला ब्राउझर, एनव्हीडीएची कुठली आवृत्ती, कुठली की दाबली, काय ऐकू यायला पाहिजे होतं आणि प्रत्यक्षात काय ऐकू आलं. कॅप्चाच्या जागी तिला फक्त "ग्राफिक" एवढंच ऐकू आलं होतं, तेच तसंच लिहिलं. खाली तिनं स्वतःच्या मनानं एक ओळ घातली की मी माझा फॉर्म मीच भरते, फक्त हे एक चित्र मला भरू देत नाही. मेल गेला सव्वादहाला. उत्तर अजून आलेलं नाही, पंधरा दिवस वाट बघून दुसरा पाठवणार आहोत.